ज्वारीवरची कॅसेट

प्रिय बापू,

आईशी बोलायला आज तुमच्या नंबरवर फोन लावला, तर कॉलर ट्यून पुन्हा बदललेली! तुम्ही पोळ्याच्या आधी गेलात. अजून संक्रांत आली नाही आणि हे कितवं गाणं, ते मोजणं मी सोडून दिलंय. वैताग आला म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्या दिवशीही हेच. खात्री करायला फोन लावणाऱ्या प्रत्येकाला आधी एक मुलगी कंबर हलवायला सांगत होती. सेनगावच्या आत्या रडता रडता म्हणाल्या, "मला वाटलं, दादाला उतार पडला. घरात एवढं नाचगाणं चालू हाय!"

धाकट्या विलासला झापलं, तर तो म्हणतो, "ताई, मी कुठं बदलून राहिलो? तिकडून जुनं काढतेत, नवं आपोआप येतंय."

तिकडून म्हणजे कुठून, हे मला कोण सांगणार? माझंच काम ते. डिप्लोमा करून पुण्यात मी कॉलर ट्यूनसाठी गाण्यांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे करते. मागणी ओसरली की तुकडा यादीतून काढून टाकते. हे सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसला होतात!

"म्हंजी तू बी जीपच चालवून राहिली की, वंदे!"

सेनगावच्या स्टँडवर साखऱ्याला जाणाऱ्या जीपा ओळीनं उभ्या असायच्या. पोरं आधी टपावर थाप मारून विचारायची, "बापू, नवीन कोणती लावली?" ज्याच्याकडे नवं गाणं, त्याची जीप आधी भरायची. म्हणून तुम्ही बाजाराच्या दिवशी हिंगोलीहून कॅसेट आणायचात. ती पंधरा दिवस घासायची, मग सीटखाली. पुढच्या सीटवर इंजिनाच्या झळा सोसत कॉलेजला जाणारी मी वैतागून म्हणायचे, "बापू, याला ना चाल, ना शब्द. हे कशाला लावता?"

"गाणं म्हंजी पॅसेंजर हाय. चढलं, बसलं, उतरलं. त्याला काय घरी जेवायला न्यायचं हाय?"

मागून लगेच कुणीतरी, "बापू, पोरीला पुढं बसवू नका, गाणं बंद पाडती!" आणि सगळी जीप हसायची. तुम्हीसुद्धा!

तेव्हा राग यायचा. आता जास्त येतो. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांचं एक ठरलेलं गाणं आहे. ते कुठेही लागलं की ती हातातलं काम थांबवते. परवा तिनं विचारलं, "तुझ्या वडिलांचं कोणतं?" बापू, आयुष्यभर गाणी वाजवलीत आणि माझ्यासाठी एकही मागे ठेवलं नाहीत?

मी शोधलं. तुमच्या जीपमधली आठवतील तेवढी गाणी हेडफोन लावून ऐकली. दोन ओळींत बोट बंदच्या बटणाकडे जातं. संगणकावर त्यांच्या आवाजाचे आलेख शेजारी शेजारी ठेवले, तर कोणतं कुणाचं ते ओळखू येत नाही. सगळे सारखे, विटांच्या भिंतीसारखे. गाणारीचा श्वाससुद्धा मधून कापलेला. जिथे श्वासालाच जागा नाही, तिथे तुम्ही कसे सापडणार?

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. जीप विकायची ठरलीय. शेतात ज्वारीचे दाणे भरलेत आणि त्यावर भोरड्यांचे थवे उतरतायत. विलासनं पाखरं भ्यावीत म्हणून जुन्या सीडीच्या चकत्या टांगल्यात. "ताई, कशी चमकती बघ!" चमकते खरी. पण दोन दिवसांत भोरड्या शहाण्या झाल्या. एक तर सीडीच्याच काठीवर बसली होती.

आई म्हणाली, "ही मुकी हाय. तुझा बाप कॅसेटची पट्टी बांधायचा. ती बोंबलायची."

मी जीपच्या सीटखालून एक कॅसेट काढली, फोडली आणि पट्टी या बांधापासून त्या बांधापर्यंत बांधली. नुसतीच फडफडली. मग आठवलं. तुम्ही ताणून झाल्यावर तिला पीळ द्यायचात. मी लहान असताना एक टोक माझ्या हातात असायचं. "सोडू नको, वंदे, घट धर!"

पीळ दिला. माळावरून वारा आला आणि पट्टी भुंग्यासारखी घुमायला लागली. भोरड्या एकदम उठल्या. आणि मी बांधावर तशीच उभी राहिले.

हा आवाज मला पाठ होता, बापू! शाळेआधी, ज्वारीत, तुमच्याबरोबर ऐकलेला. सीटखाली गेलेलं प्रत्येक गाणं तुम्ही इथे आणत होतात आणि मी त्याला गाण्यात धरलंच नव्हतं. याला चाल नाही, शब्द तर नाहीतच. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

म्हणून तक्रार संपली असं समजू नका. ती गाणी भिकारच होती. आजच विलासकडून कॉलर ट्यून बंद करून घेतली. तुमचा फोन आता नुसता ट्रिंग ट्रिंग वाजतो. आई विचारते, "गाणं काहून बंद केलं?" तिला सावकाश सांगेन.

जीप जाईल. सीटखालच्या पिशवीभर कॅसेट मात्र मी काढून घेतल्यात. ज्वारी निसवून दाणे भरले की दर वर्षी गावी येईन, एक फोडीन आणि पट्टी बांधीन, पीळ देऊन. एक तरी गाणं खळं होईपर्यंत टिकेल, एवढं मी बघते.

कॅसेटवरचं नाव मात्र वाचणार नाही.

तुमची,
वंदना