दुसरं टोक

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तू शिवलेले वहिनीचे दोन्ही गाऊन पोचले. म्हणाली, बारकीने खिसे ठेवलेत, आता त्यात ठेवू काय, औषधांच्या पुड्या? पण हसली, तेवढं पुरे.

इकडे मी एक खूळ डोक्यात घेतलंय. मागच्या दारासमोर लाकडी ओटा बांधतोय, थेट उंबऱ्याच्या उंचीचा, म्हणजे वहिनीची चाकांची खाट सरळ बाहेर ढकलता येईल. मागणी तिचीच. खिडकीतून तिला शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात. म्हणते, त्यांच्या चादरी मला पाठ झाल्या. खड्डे खणून काँक्रीटचे पाये भरलेत. खांब मातीत गाडले की कुजतात, म्हणून काँक्रीटवर लोखंडी बूट बसवले, खांब त्यात उभे राहतील. उंची पाण्याच्या नळीने काढतोय. तुला आठवत असेल, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, पण ती टोकं धरायला दोघं लागतात. लग्न झाल्यापासून दुसरं टोक तुझ्या वहिनीनेच धरलंय. आताही नळी खिडकीतून आत घेतली आणि तिने पडल्या पडल्या ती भिंतीवरच्या खुणेला लावली. मी बाहेरून विचारतो, आलं का. ती आतून सांगते, आलं.

जन्मभर कपाटं केली, त्यामुळे ओबडधोबड काम माझ्या हातून होत नाही. वेळ लागेल, पण वर हत्ती नाचवला तरी हलणार नाही. तू मशीनवर फार वाकून बसू नकोस. लोभ आहेच, तो पत्र टाकूनही दाखवत जा.

तुझा दादा


ता. २१ फेब्रुवारी

प्रिय बारकीस,
वहिनीचे आशीर्वाद.

झोपून लिहितेय, ओळी डोंगर चढतायत, सांभाळून घे. तुझा दादा लाकडाच्या वखारीत गेलाय, तेवढ्यात उरकते.

डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलंय, हा महिना, फार तर पुढचा. त्यालाही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि घरी येऊन रंधा मारत बसला.

ओट्याचा सांगाडा केव्हाच उभा राहिलाय. खांब झाले, तुळया झाल्या, वासेही बसले. आता फक्त वर फळ्या टाकायच्या. पण हा रोज काहीतरी उसकटून ठेवतो. परवा एक तुळई उतरवली, का, तर सांध्याच्या फटीत कागद शिरतो म्हणे. अगं, उघड्यावरच्या ओट्याला कपाटाचे सांधे कशाला? काल सगळे बोल्ट सोडले आणि पुन्हा आवळले. मला कळतं गं. ओटा संपला की पुढे काय, याची त्याला भीती वाटते. भीती मलाही वाटते. पण जाण्याआधी मला एकदा बाहेर पडायचंय, तोंडावर वारा घ्यायचाय. मी विषय काढला की तो चेष्टेवारी नेतो, एवढी कसली घाई म्हणतो.

तू लिही त्याला. शेंडेफळाचं तो ऐकतो. रागावून लिही, पण फार नको. हल्ली तो जेवतही नाही धड.

तुझ्यावर माझा किती जीव आहे ते आता नव्याने काय लिहू.

तुझी वहिनी


ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यांचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर पत्र न लिहिता मीच येऊन तुझ्यासमोर उभी राहिले असते. वहिनीचं पत्र आलं. तिनेच मला तुझ्याशी बोलायला सांगितलंय, लपवत नाही.

आमच्या धंद्यात आधी कच्चा टाका मारतात. गिऱ्हाईक एकदा कपडा घालून बघतं, मग उसवायचं आणि पक्कं शिवायचं. तूही तसंच कर. फळ्या नुसत्या टाक, वाटल्यास कडेला विटा ठेव आणि खाट बाहेर काढ. स्क्रू मारायला तुला नंतर जन्म पडलाय.

वहिनी जाणार आहे, दादा. ओटा अर्धवट आहे म्हणून ती थांबणार नाही. तुला हे दुसरं कोण सांगणार? माझ्यावर हवा तेवढा चीड, फक्त आधी फळ्या टाक. आणि वेळेवर जेव.

तुझ्या रागासकट तुझ्या मायेची,
बारकी


ता. २ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी गेल्यावर तू येऊन गेलीस, तेव्हा घरात माणसांची वर्दळ होती. बोलायचं राहूनच गेलं.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडलो. संध्याकाळी फळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खाट बाहेर घेतली. चाकांखाली फळ्या अशा खडखडल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र गंमत वाटली. स्क्रू कुठे गेले म्हणून विचारलं. म्हटलं, कच्चा टाका मारलाय. म्हणाली, हा शब्द तुझा नाही, बारकीचा आहे. उन्हं उतरेपर्यंत बाहेर होती. शेजाऱ्यांच्या एका चादरीला भोक आहे, हे खिडकीतून कधी दिसलंच नव्हतं म्हणाली. मग म्हणाली, ओटा थोडा आधी झाला असता तर रोज आले असते. रागाने नाही, सहज म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिला खाट हलवलेली सोसेना. ती एकच दुपार मिळाली तिला. सांगाडा कधीचा तयार होता, बारके. तिच्या बाकीच्या दुपारी मी सांधे तासण्यात घालवल्या.

फळ्या अजून सुट्याच आहेत. परवा वाटलं, आता पक्क्या करून टाकू. पाहतो तर एका कोपऱ्याचा पाया खचलाय, आणि मी म्हणे हत्ती नाचवणार होतो. पातळी बघायला नळीचं एक टोक तिच्या खोलीतल्या खिळ्याला बांधलं आणि दुसरं घेऊन बाहेर आलो. सवयीने तोंडातून निघून गेलं, आलं का. मग तिथेच बसलो. हातातलं टोक खाली पडलं, पाणी सगळं सांडून गेलं. काम तसंच पडलंय.

बाकी ठीक. आठवण ठेवतेसच, ठेवत जा.

तुझा दादा


ता. ७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. यांचा पाय आता टेकतो, शिवायचे कपडे थांबतील.

वहिनीने मला तुला रागावायला सांगितलं होतं. पण फार रागावू नकोस, असंही लिहिलं होतं. तू धड जेवत नाहीस, याची तिला काळजी होती. हे तुला आधीच सांगायला हवं होतं.

नळी भरून ठेव. मी आत तिच्या जागी बसेन. तू बाहेरून विचार, मी सांगेन.

तुझी
बारकी