ब्लोअरचे चार दिवस

किन्हवली,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. भूमिका हिस अनेक आशीर्वाद.

सवयीने हात 'चि. सौ.' लिहून गेला. मग कागदच बदलला.

माहेरी वैशाखऱ्याला तुझे आईवडील बरे असतील. दिपिका तिथल्या शाळेत रमली का? इकडे तुमच्या वाट्याचं भात पिवळं झालंय, दोन दिवसांत कापायला घेऊ. आई बरी आहे. जेवताना अजून एक ताट जास्त मांडते.

परवा तुझी जाऊ सरिता तुला भेटून आली. तू दिपिकाला सांगत होतीस म्हणे, "तुझा बाप कोनाला न इचारता टाकीत उतरला. त्याला आपली फिकीर नव्हती." ते ऐकून हे पत्र लिहायला घेतलं.

तुला माझं काम ठाऊक आहे. आसनगावच्या सोसायटीचं सांडपाणी आम्ही शुद्ध करतो. घाण खाणारे जंतू टाकीत पाळलेले असतात. त्यांना हवा लागते, आणि ती हवा देणारा ब्लोअरच सगळ्यात जास्त वीज खातो. तो दोन तास चालवून तासभर थांबवायचा, हे मी बसवलं. वीज वाचली, पाणी तसंच स्वच्छ. कमिटीने शाल दिली. ती मी केवढ्या तोऱ्यात मिरवली, तू पाहिलंयस.

अति तेथे माती म्हणतात ते खोटं नाही. गणपतीला निम्मी सोसायटी गावी गेली. मला वाटलं, घाणच कमी, तर हवा कशाला? ब्लोअर सलग चार दिवस बंद ठेवला. कोणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी पंप चोक झाला. तो काढायला आदेशला मीच बोलावलं. झाकण उघडल्यावर तो म्हणाला, "दादा, ब्लोअर चालू हाय ना? नायतर कंदील सोडून बघू विझतो का, आपल्या विहिरीत सोडतात तसा."

बाकीचे कामगार हसले. मीही हसलो. "ही काय विहीर हाय? अशा टाकीत आग नेत नाय रे. चालू हाय सगळं, उतर."

कंदिलाचं मी खरं सांगितलं, तिथला वायू भडकू शकतो. ब्लोअरचं खोटं. शाल घेतलेल्या माणसाला चार जणांसमोर 'बंद ठेवलाय' म्हणवेना. पलीकडे जनरेटर घरघरत होता, त्यामुळे ब्लोअरचा आवाज येत नाही हे आदेशलाही कळलं नाही. हवेविना घाण सडून आत विषारी वायू साचला होता. तो तीन पायऱ्या उतरला. नंतर माझ्या हाकेला त्याने ओ दिली नाही.

'न विचारता उतरला' हे पोलिसांना मी सांगितलं. ते वाक्य माझं आहे, भूमिका. तू त्याच्यावर रागावलीस ती माझ्या वाक्यावरून.

वीज वाचवण्यात पाप नव्हतं. भावाशी खोटं बोललो, त्याच्या माघारीही बोललो, ते पाप आहे. सोमवारी शहापूरला जाऊन जबाब बदलतोय. पुढे जे व्हायचं ते होईल. तुझ्याकडे माफी मागायला तोंड नाही.

दिपिकाला एवढंच सांग. तुझ्या बापाने विचारलं होतं, उत्तर काकाने खोटं दिलं. आणि बाप काकाचं ऐकून उतरला.

आदेशचा दादा,
संदेश