मंजूच्या लग्नातला डीजे आणि रेजी साहेब

देवळाली कॅम्प,
फेब्रुवारी २००४

सौ. आक्काबाईस,

तुझ्या धाकट्या, कायम आज्ञेत राहिलेल्या आणि सध्या अजिबात न रागावलेल्या सावळीरामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींची शुगर कशी आहे? त्यांना म्हणावं, मार्केट यार्डात लिलावाला उभं राहण्याआधी चहावाल्याला बिनसाखरेचं सांगून ठेवत जा, तो माणूस आपणहून विचारत नाही. तुझी भावजय ललिता ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघ्याचं कुणी मनावर घेत नाही.

मंजुषाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. कागद चांगला आहे, गणपतीही प्रसन्न आहे. ‘मामा’ म्हणून माझं नाव ठळक छापलंय, त्याबद्दल आभारी आहे. त्याच्या खालीच ‘मयूर डीजे साउंड’ असंही छापलंय. आक्का, मी रागावलेलो नाही. मयूर माझाच मुलगा, तू त्याची आत्या, आत्याने भाच्याला काम दिलं, यात रागवायचं काय? एवढंच की आपल्या बाबांनी बँड काढला तेव्हापासून घरातल्या एकाही मुलीच्या लग्नात आपल्या बँडशिवाय दुसरं काही वाजलेलं नाही. तुझ्या लग्नात तर मी हाफ चड्डीत झांजा बडवत मांडवापर्यंत आलो होतो (आणि नवरदेवाच्या करवल्यांनी मला पंगतीत दोन जिलब्या जास्त वाढल्या होत्या). मंजू ही घरातली शेवटची मुलगी. तिच्या लग्नात माझा बँड वाजणार नसेल तर मग तो वाजायचा तरी कुणासाठी, इतकाच माझा साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तू दिलंच पाहिजेस असं नाही.

पत्राचं कारण निराळंच आहे. रेजी साहेबाचं नाताळचं कार्ड याही वर्षी आलं, तेव्हा म्हटलं, आक्काला त्याची गोष्ट एकदा नीट सांगावी. तू प्रत्येक वेळी मध्येच उठून भाजी परतायला जातेस, म्हणून लिहून पाठवतोय.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात कॅम्पातल्या बाजारातून आम्ही एक नवरदेव घेऊन चाललो होतो. मागे एक टॅक्सी अडकली. तिच्यातून एक उंच, लालबुंद म्हातारा साहेब उतरला आणि टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मला वाटलं, याला ही वरात म्हणजे मयत वाटली की काय. पण त्याचे डोळे माझ्या हातातल्या पितळी कॉर्नेटवर होते. आपले देवराम सुभेदार (रिटायर झाल्यापासून इंग्रजी बोलायची संधी शोधतच फिरत असतात) लगेच मध्ये पडले. म्हणाले, हा विलायतेतला मोठा गाणारा आहे, याचा बाप लढाईच्या काळात इथे तोफखान्यात होता, ती बरॅक बघायला आलाय, आणि तुझं वाद्य जरा मागतोय. मी रुमालाने पुसून दिलं. आक्का, त्याने जी फुंकर मारली ना, आपला ढोलवाला गेणू टिपरू हवेत धरून तसाच उभा राहिला. आमचंच गाणं, आम्हीच रोज वाजवतो ते, पण त्या माणसाने एकदाच ऐकून असं काही उचललं की मला माझ्याच बँडचा अभिमान वाटला.

पुढे घोटाळा झाला तो असा. त्यांच्याकडचा बँडमास्तर बँडकडे तोंड करून उलटा चालतो म्हणे. साहेब वाजवत वाजवत उलटा निघाला. त्याला मांडव कुठे आहे ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे त्याच्या मागे नाचत होते. वरात बँडच्या मागे जाते, हा आपल्याकडचा नियमच आहे. मांडव मागे पडला, मारुतीचं देऊळ मागे पडलं, आणि नवरदेव घोड्यासकट रेल्वे स्टेशनच्या आवारात उभा राहिला. पॅसेंजर गाडीतली माणसं बघायला खाली उतरली. मुलीचा बाप धोतर सावरत पळत आला तेव्हा आम्हाला समजलं. मुहूर्त टळला होता, पण भटजी समजूतदार निघाले, त्यांनी पंचांगात बोट फिरवून दुसरा काढून दिला. वरबापाने मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. साहेबाला मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने फेटा बांधला.

लग्नानंतर सुभेदारांच्या ओसरीवर चहा झाला आणि साहेबाने आपली सगळी हकीकत सांगितली. नाव रेजी मॉसबी. विलायतेच्या उत्तरेला कोळशाच्या खाणीचं गाव. बाप देवळालीहून परत गेला तो खाणीत उतरला, आणि खाणीतल्या कामगारांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायला लागला. (तिकडे खाणीगणिक बँड असतो, आपल्याकडे आळीगणिक तालीम असते तसा.) पोरगाही बापाच्या मागोमाग खाणीत गेला. तिथल्याच चार मित्रांना घेऊन त्याने स्वतःचा बँड काढला, नाव ‘फाइव्ह लँटर्न्स’, म्हणजे पाच कंदील. हा गायचा, कॉर्नेट वाजवायचा आणि बाकीच्या चौघांना सांभाळायचा. चौसष्ट साली त्यांचं एक गाणं सगळ्या देशात पहिलं आलं. पोरी अशा मागे लागल्या की त्याच्या कोटाची एक बाही लंडनला राहिली, ती शेवटपर्यंत सापडली नाही. अमेरिकेला गेले, विमानाने फिरले. मला सगळ्यात आवडलं ते हे, की कंपनीवाले म्हणत होते, तुझं नाव मोठं छापू, चौघांचं बारीक. हा म्हणाला, पाचही कंदील सारखे लागतील नाहीतर एकही लागणार नाही. असा मास्तर मी आमच्या धंद्यात पाहिला नाही (मी धरून).

मग फॅशन बदलली. मोठमोठी यंत्रं लावून कानठळ्या बसवणारी पोरं आली, आणि पाच कंदील विझले. साहेब गावी परतला आणि बटाट्याचे काप तळायचं दुकान टाकलं. काप तळताना गायचा, गिऱ्हाईक काप थंड होईपर्यंत ऐकत बसायचं. पुढे ती खाण बंद पडली, माणसं पांगली, बापाचा बँड मोडायला आला. तेव्हा हा माणूस दुकानाचं शटर ओढून घरोघर फिरला, घरी बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात पुन्हा वाद्यं दिली, उरलेले कंदील बोलावले, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या पितळी बँडच्या पुढे उभं राहून गायला लागला. लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतला. सुभेदार त्याचं मराठीत करून सांगत होते आणि माझा चहा हातातच निवत होता. हे सांगायला मला लाज वाटत नाही, मी त्या माणसाच्या पाया पडलो. तोही माझ्या पडायला वाकला, मग दोघांची डोकी आपटली.

आता ऐक. त्याच्या स्वतःच्या मुलीने लग्नात बापाचा बँड न ठेवता रेकॉर्ड वाजवणारा आणला होता. (मी हे आपल्या संदर्भात सांगत नाही. गोष्टीत आलं म्हणून सांगतोय.) मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? एवढा मोठा माणूस, मला वाटलं काहीतरी थोर सांगेल. तो म्हणाला, मी सबंध जेवणभर बाहेर मोटारीत रुसून बसलो. आक्का, तेव्हापासून तर तो माणूस मला फारच मोठा वाटतो.

मयूरला दोष द्यावा असंही माझ्या मनात नाही. पोरगा बारावीपर्यंत माझ्यापेक्षा गोड कॉर्नेट वाजवायचा, दम बाबांवर गेलाय. तीन वर्षांपूर्वी त्याने वाद्य खाली ठेवलं आणि कर्ज काढून ही डीजेची खोकी आणली. परवा घरामागे एक खोकं लावून बघितलं, तर शेजारच्या सिंधुबाईच्या म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही, आणि आमच्या फळीवरची स्टीलची ताटं एकेक करून आपल्या पायांनी खाली आली. पण पोरं नाचतात त्याच्यापुढे, खोटं कशाला बोलू. जोडणी स्वच्छ करतो, वेळेवर पोचतो, दारू पिणारा माणूस हाताशी ठेवत नाही. माझा मुलगा आहे, वाजवेल ते चांगलंच वाजवेल.

तर असं आहे. हळदीच्या आदल्या दिवशी मी आणि ललिता येतो. मंजूला आशीर्वाद. दाजींना नमस्कार आणि बिनसाखरेची आठवण.

तुझा धाकटा भाऊ,
सावळीराम

ता. क. मुलीला मांडवात आणायचं आणि तिच्यामागे उभं राहायचं काम मामाचं, ते करताना मला बँडपुढे राहता येणारच नाही, हे मलाही समजतं. म्हणून वरातीला, अक्षतांना, नाचाला, सगळीकडे डीजे वाजू दे. फक्त पाठवणीला तो बंद ठेव. मंजू गाडीत बसताना मी एकटा वाजवीन. बँड नको, गणवेश नको, मी कॉर्नेट कापडी पिशवीतून आणीन. एवढं एक दे, आक्का. दुसरं काही मागत नाही. मी रडेन म्हणून काळजी करू नकोस, आजवर गावोगावच्या मुली कोरड्या डोळ्यांनी वाटेला लावल्यात मी.

आणखी एक. हे मयूरच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तो उद्या तुमच्याकडे लासलगावला मांडवाची जागा बघायला येतोय, त्याच्याच हाती पाकीट देतोय, पण डिंकाने चांगलं चिकटवलंय.

आत्या, मयूरचा नमस्कार. डिंक ओलाच होता. पाठवणीला मशीन बंद ठेवायचं मी आधीच ठरवलंय, आणि मंजूताईला सांगूनही ठेवलंय. पण बाबांच्या कोरड्या डोळ्यांवर जाऊ नकोस. साखरपुडा झाल्यापासून रोज दुपारी घरामागे पाठवणीचीच चाल वाजवतात, आणि जिथे ती वर चढते तिथे थांबतात. मग नाक शिंकरून आईला म्हणतात, भाता बिघडला. कॉर्नेटला भाता नसतो. त्या दिवशी मी आजोबांचं वाद्य घेऊन गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभा राहीन. ते थांबले की तिथून पुढचं मी वाजवीन. तू फक्त त्यांना माझ्याकडे वळू देऊ नकोस.