पडावाच्या कडेवरची बोटं

रत्नागिरी,
ज्येष्ठ, शके १८५३

प्रिय चिंतू,

अनेक आशीर्वाद. पावस गावी मावशीकडे जाऊन बसलास आणि तिथून चार पानं धाडलीस. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. वाचून मला किळस आली. धाकट्या भावाला असं लिहू नये, पण दुसरा शब्द सुचत नाही.

आपली धाकटी उमा तापातून उठली, पेज खाते. आंब्याची शेवटची अढी काल काढली.

तुझ्या पत्रात ती ‘एक व्यक्ती’ आहे. तिचं नाव गोदा. आगबोटीवर मुंबईपासून माझ्याशेजारी होती. गिरणीतल्या नवऱ्याला भेटून पेरणीसाठी गावी परतत होती. किनाऱ्याला यायला आपण आगबोटीवरून पडावाच्या होडीत उतरलो, तेव्हा “एवडा धर गो बाय” म्हणत तिने गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. मग ती लाट आली, पडाव कलला, गोदा पाण्यात गेली आणि तिने कड धरली. पडाव हाकणारा तांडेल ओरडत होता, पेट्या टाका, बाईला वर घ्या. तुझी पुस्तकांची पेटी तुझ्या गुडघ्यांशीच होती. तू वाकलास तेव्हा मला वाटलं, चिंतू तिला ओढून घेतोय. तू तिची बोटं सोडवत होतास.

आता लिहितोस, अधिकांचं अधिक सुख हीच नीतीची कसोटी; इकडे तीस माणसं, तिकडे एक. वा रे वा! हे शिकायला बाबांनी तुला कॉलेजात पाठवलं? भ्यालो म्हणाला असतास तर तुला पोटाशी धरलं असतं. मीही भ्याले होते. पण त्या भीतीला वकिलाचा डगला चढवून माझ्यापुढे उभी करतोस, त्याची शिसारी येते. पेटी नसती, तुझा हिशेब अगदी बिनचूक असता, तरीही आली असती. आणि खरं सांग, त्या कडेवर माझी बोटं असती तर? पडाव बुडाला असता तरी तू मला सोडलं नसतंस. म्हणजे वजा कोणाला करायचं ते आधी ठरतं, तत्त्व मागाहून येतं.

परवा तिचा सासरा धाकू गाठोडं न्यायला आला. ओटीवर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. “हात सुटला काय गो तिचा, बाय?” एवढंच त्याने विचारलं. मी गाठोडं आणून त्याच्या हाती दिलं.

आणि तू म्हणतोस, उद्या चौकशीत मामलेदारांपुढे ताईने सांगावं की बाईनेच हात सोडला. तुझी वकिलीची सनद वाचेल, उमाचं लग्न जमेल, घरातले सगळे सुखी राहतील, गोदा काही परत येणार नाही. पुन्हा तोच हिशेब, आणि या खेपेला बोटं मी सोडवायची! ते व्हायचं नाही. मी पाहिलं तसं सांगणार आहे. परक्याच्या तोंडून तुला कळू नये म्हणून गड्याच्या हाती हे पत्र धाडते. घर सुखी राहणार नाही, न राहो.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
कमलाताई