चौदा कॉलेजांची यादी आणि एक किल्ली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गेल्या आठवड्यात एका बँकेच्या लिफ्टखाली काम करताना कंबर जी धरली ती अजून सुटलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला होता तो करतेस, की त्या कागदावर कुणाच्या तरी कोटाचं कटिंग काढून मोकळी झालीस? तुझा काही भरवसा नाही. इकडे आम्ही सगळे मजेत. पाकिटात काहीतरी टणक लागतंय म्हणून तू आधी पाकीट उलटं करून झटकायला जाशील, मी तुला ओळखून आहे. तसं करू नकोस. आधी पत्र वाच, मग झटक. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर मी ‘हॅलो’ म्हणतो आणि बाकीचं सगळं तू बोलतेस. शिवाय आमच्या घरात फोन एकाच खोलीत नीट लागतो आणि त्या खोलीत सध्या बारकीचा मुक्काम आहे. म्हणून हे पत्र आमच्या हिच्या, म्हणजे तुझ्या भावजयीच्या, हाती पाठवतो आहे. पत्रात काय आहे ते हिला माहीत नाही. (म्हणजे मी सांगितलेलं नाही. हिला माहीत नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.)

तर विषय आपल्या बारकीच्या इंजिनिअरिंगचा. (बारकी म्हणायचं आपलं सवयीनं. परवा माळ्यावरचा पंखा तिनं टाचा न उचलता काढला आणि मी खाली स्टूल धरून उभा होतो.) तीन आठवड्यांपूर्वी तू तिला चौदा कॉलेजांची यादी देऊन माझ्याकडे आणून सोडलंस, की मामा लिफ्टचा मेकॅनिक आहे, निम्मी कॉलेजं त्यानं आतून पाहिली असतील, तो सांगेल कुठलं खरं आणि कुठलं नुसतं रंगवलेलं. हे झालं जाहीर. आणि तिचं सामान बसमधून उतरवताना मला बाजूला घेऊन जे सांगितलंस ते झालं खासगी. तुझे शब्द मला पाठ आहेत: “लांबची असतील ती काहीतरी खोट काढून खोडून टाक. तिला शनिवारी घरी येता आलं पाहिजे. आणि मी सांगितलंय हे तिला कळता कामा नये.” भाऊजी गेल्यापासून त्या घरात तुम्ही दोघीच. तेव्हा मला ते पटलं आणि मी मान डोलावली. फॉर्ममध्ये नावं तीनच भरायची आहेत आणि तो शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होतो, म्हणजे चौदातली अकरा मारणं हे माझं काम.

सात तर गुणांच्या चाळणीतच गळली. आठव्या कॉलेजचा बळी हिनं घेतला. त्याच्या माहितीपुस्तकातल्या मुली प्रयोगशाळेत फारच हसताहेत, आणि एवढं हसून कुणाचं काम होत नाही, असं हिचं मत पडलं. वीस वर्षं शाळेत शिपाईण म्हणून काढलेल्या बाईशी हसण्याबद्दल वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. राहिली सहा. तीन जवळची, तीन लांबची. लांबच्यांत खोट काढायची म्हणजे आधी जाऊन बघायला हवं. मी रजा टाकली, बारकीनं डबा घेतला आणि आम्ही निघालो.

आता कॉलेज कसं पारखायचं? मला त्यातलं काय कळतंय! मला लिफ्ट कळते. लिफ्टच्या कामाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. साहेबाच्या नाही, वॉचमनच्या नाही, आपल्या. नाहीतर आपण खाली अंधारात काम करतोय आणि वर कुणी शहाणा स्विच चालू करतोय, की संपलंच. म्हणून कुठेही गेलो की माझा पहिला प्रश्न एकच, किल्ली कोणाकडे आहे? सव्वीस वर्षांत मी पाहिलंय, ज्या इमारतीत या प्रश्नाला लगेच उत्तर मिळतं तिथे नळही गळत नाहीत. तेव्हा म्हटलं, चला, कॉलेजलाही हेच विचारू.

पहिलं कॉलेज सगळं काचेचं. आत शिरताना मी दोनदा काचेवर आपटलो. स्वागताच्या टेबलावर टाय लावलेला एक गृहस्थ होता. त्यानं माझ्या हातातली हत्यारांची पिशवी पाहिली, (ती मी नेतोच गं, नाहीतर हात मोकळे मोकळे वाटतात) आणि काही विचारायच्या आत तक्रारवही माझ्यापुढे सरकवली. सहाव्या मजल्यावर लिफ्ट चार बोटं खाली थांबते, दोन प्राध्यापक पडले, तुम्ही सोमवारी येणार होता, आज गुरुवार आहे, वगैरे. मी सांगणार होतो की मी पालक आहे. पण चार बोटं म्हणजे काय थट्टा आहे, ताई? माझ्याच्यानं बघवेना. मी किल्ली मागितली. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, तिसरा जेवायला गेला होता. शेवटी मी स्वतःचंच कुलूप लावून दोन तास खपून ती लिफ्ट सरळ केली. तोवर बारकीनं सभागृहात बसून कॉलेजचं भविष्य या विषयावर भाषण ऐकलं. खाली आल्यावर टायवाल्यानं माझ्याकडून सही घेतली आणि यापुढे वेळेवर येत जा म्हणून दम भरला. बारकी बसथांब्यापर्यंत हसत होती. यादीत त्या नावापुढे मी पेन्सिलीनं कारण लिहिलं: ‘चार बोटं खाली’.

दुसऱ्या कॉलेजात तर माझीच शोभा झाली. प्राचार्य स्वतः भेटले, भला माणूस, आम्हाला वर न्यायला निघाले. बारकी म्हणाली मी जिन्यानं येते. (हुशार आहे पोरगी.) मी आणि प्राचार्य लिफ्टमध्ये शिरलो आणि दोन मजल्यांच्या मध्ये जे अडकलो ते चाळीस मिनिटं. लिफ्टचा मेकॅनिक लिफ्टमध्ये अडकला हे तू कृपा करून कुणाला सांगू नकोस. आतून करण्यासारखं काही नसतं, बाहेरून किल्ली लागते, आणि ती कुणाकडे होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्राचार्यांना घाम फुटला. मी त्यांना खाली बसवलं, डब्यातलं केळं दिलं, पाठीवरून हात फिरवला. अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस खोटं बोलत नाही. दहाव्या मिनिटाला त्यांनी सांगितलं की प्रयोगशाळेतली निम्मी यंत्रं अजून खोक्यातच आहेत, कारण उघडली तर मुलं मोडतील. विसाव्या मिनिटाला सांगितलं की त्यांना मुळात शेती करायची होती. बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी माझा हात सोडला नाही. यादीत लिहिलं: ‘प्राचार्य रडले’.

तिसरं कॉलेज अकरा तासांवर होतं. तेही पाहून आलो. लिफ्ट बंद होती. खोडलं. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

राहिलेली तीन तुला हवी तशी, सगळी जवळची. ठीक आहेत. लिफ्ट मजल्याला लागून थांबते. किल्लीचं विचारलं तर एका ठिकाणी उद्या या म्हणाले, पण असं चालायचंच. बारकीनं फॉर्ममध्ये तीच तीन नावं भरून ठेवली आहेत. म्हणजे तुझं काम चोख झालं, पोरगी दर शनिवारी घरी येईल. आता तू निर्धास्त राहा, गुडघ्याला जप, आणि माझ्या नव्या पँटची कंबर थोडी सैल ठेव.

तुझाच,
ठोकळा

ता. क. १. पत्र पाकिटात घालून मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात हिनं ते वाचलं. (वर मी काय म्हटलं होतं?) वाचून म्हणाली, खोटं पत्र मी पोचवणार नाही, टपालानं पाठवा. तेव्हा तिसऱ्या कॉलेजबद्दल पुन्हा लिहितो.

तिथली लिफ्ट बंद होती हे खरं आहे. कारण ती उघडलेली होती, ताई. जुनी, वापरातून काढलेली लिफ्ट, चारी बाजूंनी दोर बांधून आत कुणी जाणार नाही अशी सोय, आणि मोटर जमिनीवर कापडावर सुटी करून मांडलेली. भोवती सात-आठ पोरंपोरी कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. मी मनात म्हटलं, वा, खोट आयतीच मिळाली. किल्लीचं विचारायला तोंड उघडणार, तर माझ्याआधी बारकीनं विचारलं, “किल्ली कोणाकडे आहे?” आणि त्या घोळक्यातली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, “माझ्याकडे. का?” आणि खिशातून काढून दाखवली. ताई, मला काय वाटलं ते सांगता येत नाही. माझ्या हाताखाली आजवर नऊ माणसं शिकून गेली, त्यातल्या दोघांना ही सवय लागली.

त्यानंतर बारकी मला चार तास दिसली नाही, म्हणजे समोरच होती, पण मला ओळखत नव्हती. ती मोटरीत डोकं घालून बसली. त्यांचे मास्तर पांढऱ्या केसांचे, जमिनीवर मांडी घालून बसलेले, त्यांनी मला ब्रेकबद्दल एक प्रश्न विचारला, मी सांगितलं, तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत लिहून घेणारा हा पहिलाच माणूस. बारकी उठली तेव्हा तिच्या नाकाला काळं लागलेलं होतं आणि ती इतकी खूश होती की भाऊजी गेल्यानंतर मी तिला तशी पाहिलेली नव्हती. हे मला वर लिहायचं नव्हतं, कारण मी तुला शब्द दिला होता.

ता. क. २. आणखी एक. ते कॉलेज मी खोडलेलं नाही. माझ्याच्यानं खोडवेना. बसमध्ये मी झोपेचं सोंग घेतलं आणि म्हटलं, घरी जाऊन बघू. सकाळी यादी काढली तर ते नाव शाईनं खोडलेलं. एकदा नाही, दोनदा. पुढे कारणाच्या जागी माझ्या ‘चार बोटं खाली’ आणि ‘प्राचार्य रडले’ यांच्या खाली तिच्या बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: ‘आई’.

तुझं खासगी तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला ते सांगावं लागत नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मामा, जवळची पण चांगलीच आहेत की.” आणि पंखा पुसायला घेतला.

ता. क. ३. आता शेवटचं. हे हिनंही वाचलेलं नाही, कारण मी ते गच्चीवर बसून लिहितो आहे.

आपल्या आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू अठरा वर्षांची, मी आठ. यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकवणाऱ्या संस्थेत तुला प्रवेश मिळाला होता, निळी ट्रंक भरून, कुलूप लावून दारात ठेवली होती. आणि मी तिच्यावर जाऊन बसलो. वडिलांनी ओढलं, शेजारच्या काकूंनी खाऊ दाखवला, मी हललो नाही. बस निघून गेली. तू आधी हसलीस, मग रडलीस, आणि मग म्हणालीस, बरं, नाही जात, ऊठ आता, ठोकळ्या. तेव्हापासून मी ठोकळा. नंतर ट्रंकेची किल्ली सापडेना. वडिलांनी मागची बिजागरं काढून कपडे बाहेर काढले (यंत्र कसं उघडतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा पाहिलं), आणि ट्रंक पुन्हा जुळवून माळ्यावर टाकली, ती आज तुझ्या माळ्यावरही तशीच बंद आहे. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस. आजही तू कोटाचं कटिंग काढतेस तेव्हा पेन्सिल अशी धरतेस की मला बघवत नाही.

किल्ली हरवली नव्हती, ताई. माझ्याकडे होती. कुलूप उघडलं तर तू पुन्हा सामान भरशील आणि जाशील, अशी मला भीती होती. नंतर मोठा झाल्यावर द्यायची लाज वाटली. पस्तीस वर्षं ती माझ्या हत्यारांच्या पिशवीत सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. पाकिटात ती मी सुरुवातीलाच टाकली, लिहायचा धीर मात्र आत्ता झाला. किल्ली आपल्या खिशात ठेवायची, हे मी लिफ्टच्या आधी शिकलो होतो, फक्त चुकीच्या कामासाठी.

तेव्हा माझी मागणी एवढीच. शुक्रवारी पाचच्या आत बारकीला फोन कर आणि ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहायला सांग. मी सांगून ती ऐकणार नाही, तिला तुझ्याच तोंडून ऐकायला हवं. तू एकटी पडशील, हे मला कळतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. मी दर शनिवारी येत जाईन, पण मी म्हणजे बारकी नव्हे. तरी तिला जाऊ दे. तिच्या ट्रंकेवर तू बसू नकोस. एका घरात एक ठोकळा पुरे.

निळी ट्रंक माळ्यावरून काढ. (स्वतः चढू नकोस, गुडघा आहे. मी गुरुवारी येतो.) तिला चाकांची बॅग हवी असेल, तर मी ट्रंकेला चाकं बसवून देईन. कुलपात तेल घातलं की ते उघडेल.

आता पाकीट झटक.