मुंगूस आणि मिठाची चिमूट

९ जानेवारी १९५८, पनवेल
पेपरात तिसऱ्या पानावर जपानच्या व्यापारमंत्र्याचा फोटो. गोल चष्मा, आत ओढलेला खालचा ओठ, एक कान जरा पुढे आलेला. चहा निवला तरी बघतच बसलो. हा मुंगूस आहे. आमच्या छावणीचा अधिकारी. खरं नाव कधी कळलंच नाही, हे आम्ही कैद्यांनी ठेवलेलं.
सौ. म्हणाली, "तुम्हाला सगळे जपानी सारखेच दिसतात." मला नाही दिसत. मी युद्धात त्यांच्या कैदेत होतो. तिला दिसतात.
तरी छातीठोक सांगवत नाही. तेव्हा त्याची हाडं मोजता यायची, आता गाल आलेत. खुर्ची मिळाली की येतात. आमच्या मामलेदारसाहेबांनाही आलेत.

१२ जाने.
वाचनालयात जुने अंक चाळले. चरित्र सापडलं. शेतकऱ्याचा मुलगा. वकिली शिकला. पहिल्या निवडणुकीत आपटला, दुसऱ्यांदा आला, मग एकेक खातं. उद्याचा पंतप्रधान म्हणतात. बाप, आई, शाळा, लग्न, बागकामाची आवड, सगळं ऐसपैस. आणि युद्धाबद्दल एकच ओळ: "या काळात ते राजधानीत खजिन्याच्या खात्यात होते."
चरित्रात जिथे एकाच ओळीत काम उरकतात, तिथे मला संशय येतो. खजिन्यातला कारकून आमच्या छावणीच्या बेटावर काय करत होता? की मीच चुकतोय?
यापुढे त्याला "मुं.?" लिहीन. प्रश्नचिन्ह न्यायासाठी.

१५ जाने.
दामा डोक्यातून जात नाही. खाडीकडेचा आगरी गडी, मिठागरातच वाढलेला. एकाच पलटणीत भरती झालो, एकदमच धरले गेलो. बेटावर मीठ नव्हतं, माणसं पेज अळणी गिळायची. दामाने किनाऱ्यावर बांध घालून वाफे केले, मीठ काढलं. मुंगूस रोज बघायला यायचा. एकदा बूट घालून वाफ्यात उतरला तर दामा त्याच्यावर ओरडला! आम्ही डोळे मिटले, आता मान जाणार. मुंगूस गुपचूप बूट काढून आला.
दामाच्या घरची रीत अशी, की नवं मीठ हातात आलं की पहिली चिमूट खाडीला परत. उजव्या हाताने. गेलेल्या माणसाच्या नावाची असेल तर डाव्या हाताने. फक्त त्यांच्याच घरात, शेजारच्या आगरातही नाही. आमच्या छावणीत कुणी गेलं की दामा डाव्या हाताने टाकायचा. मुंगूस पाहत असायचा.
एके सकाळी मुंगूस त्याला होडीत घालून पलीकडच्या बेटावर घेऊन गेला, तिथे मीठ काढायला म्हणून. दामा परत आला नाही. मुंगूसही नाही. सरकार म्हणतं, बेपत्ता.

३ फेब्रुवारी
मामलेदारांनी बोलावलं. जपान आपल्याकडचं मीठ घेणार आहे आणि मंत्रिमहोदय स्वतः मिठागर बघायला येणार. कोण? मुं.?!
"तुम्हाला जपानी येतं ना? नवं मीठ तबकात घालून पुढे करायचं काम तुमचं."
मला येतं ते शिव्या, आकडे आणि वाकून नमस्कार. हे सांगितलं नाही. व्यापारमंत्री स्वतः मीठ बघायला का येतो? हाताखाली माणसं नाहीत?

६ फेब्रु.
यसूबाई, दामाची बायको, दारात हजर. बातमी कशी लागली देव जाणे. माझा संशय सौ.वर.
"भावजी, त्योच हाय ना?"
म्हटलं, नक्की नाही.
"तुमी इचारा त्याला. मेला तं मेला म्हून सांग. जित्ता हाय तं कुटं हाय त्ये सांग. मना बाकी काय नको."
तिच्या हिराचं लग्न वैशाखात. आपटा गावच्या व्याह्यांचा निरोप आलाय, विहीणबाईंनी एकदा काय ते ठरवून मांडवात यावं. कुंकू लावायचं असेल तर नवरा दाखवा, नसेल तर पुसा. मुलीला हळद लावायची की लांब बसायचं, ते त्यावर. इतकी वर्षं तिने कुंकू पुसलेलं नाही. गाव मागून बोलतं, तिला माहीत आहे.
"इचारीन" म्हणालो. माझ्याही तोंडून तिचीच बोली आली. मला रडू येत होतं म्हणून चहा टाकायला आत गेलो. चहा मला करता येत नाही, सौ.ने ओळखलं.

११ मार्च
आज आला. सगळं नीट लिहायचं आहे.
काम करणारे बाया-गडी पलीकडच्या बांधावर दोरीमागे उभे केलेले. यसूबाई त्यांत. साहेबांना घामाघूम माणसं दिसू नयेत म्हणून. मीठ काय आपोआप वर येतं?
मुं.? गाडीतून उतरला. बांधाशी थांबला, कुणी सांगायच्या आत बूट काढले. बेटावरचा वाफा आठवला. मग मनाशी म्हटलं, जपानी लोक घरातही काढतात, यात काही नाही.
तबक पुढे केलं. त्याने चिमूट उचलली. चाखेल म्हणून सगळे बघत होते. तो वळला आणि चिमूट खाडीच्या बाजूला टाकली. मामलेदार हसले, टाळ्या पडल्या.
डाव्या हाताने टाकली.
मी जवळ गेलो. शब्द जमेनात. "शिओ," म्हणालो. मीठ. "दामा. कुठे?" शेवटचं मराठीतच निघालं.
त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ बोलला, खाली बघून. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, मीठ उत्तम आहे."
एवढं लांबलचक, आणि मीठ उत्तम आहे? दुभाषा कोणाच्या पगारावर आहे, याची चौकशी करायला हवी. मग तो माझ्यापुढे वाकला. चांगला कमरेतून. माझ्यापुढे की तबकापुढे? बूट घालून गेला. मामलेदारांनी मला फैलावर घेतलं, मंत्र्यांना प्रश्न विचारायची तुमची काय हिंमत.

१४ मार्च
डावखुरा असेल तर? मग त्या हाताला अर्थच नाही. वाचनालयात पुन्हा जुने अंक. करारावर सही करतानाचा फोटो: पेन उजव्या हातात. पण कोटाचा छातीवरचा खिसाही उजवीकडे दिसतोय, तो तर डावीकडे असतो. फोटो उलटा छापलाय की काय? दुसरा फोटो, झाड लावताना. दोन्ही हातांनी. हे राजकारणी एका हाताने कधी काही करतील तर शपथ.
छावणीत कोणत्या हाताने लिहायचा? आठवत नाही. त्याची पट्ट्याची बक्कल आठवते, हात आठवत नाही.

१५ मार्च
यसूबाई आली. चेहरा उजळलेला, तेच भयंकर.
"मी लांबून बगितला. खाडीला टाकली त्यानं. आमच्या घरची रीत त्याला कुनी शिकिवली? ह्यांनीच ना?"
हो म्हणालो. एवढं खरं आहे.
मग हळूच, "भावजी, कंच्या हातानं टाकली? ऊन डोल्यावर होता, मना दिसला नाय."
मी म्हणालो, गर्दी होती. माझं लक्ष तबकाकडे होतं.
तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर कुणी पाहिलं नाही. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, आज तो माझ्यावर आला. "बरा," म्हणाली आणि गेली.

२ एप्रिल
पेपरात: मुं.? मायदेशी पोचला, विमानतळावर हसताना. आता प्रश्नचिन्ह काढायला हवं. काढवत नाही. काढलं तर तो हातही मानावा लागेल.

४ मे
हिराचं लग्न झालं. यसूबाई मळवट भरून मांडवात. स्वतःच्या हाताने मुलीला हळद लावली. आपट्याच्या बायका कुजबुजल्या. तिचे थोरले दीर उठून म्हणाले, "दामाची रीत जपानचा मंत्री पालून गेला. आता कोन इचारतो?" 

५ मे
सकाळी आगराकडे गेलो, पाठवणीनंतर ती कशी आहे बघायला. बांधावर एकटीच होती, कालच्याच लुगड्यात. तिने मला पाहिलं नव्हतं.
वाफ्यातून दोन्ही हातांत मीठ घेतलं. उजव्या हाताची चिमूट खाडीला टाकली. डावी मूठ तशीच. वर उचलली, खाली घेतली, परत उचलली.
मी हाक मारली नाही.  मीठ बोटांतून ओघळत असावं, पण मूठ तिने उघडली नव्हती. तशीच मिटलेली घेऊन घराकडे चालू लागली.