मडक्यातलं वांग्याचं बी

३ मे १९३६, नंदुरबार
लोणखेड्याहून गिलक्याचं बी घेऊन आज परतलो. दोन दिवस दुकानात नव्हतो. जाताना भरताच्या वांग्याच्या बियाचं मडकं तळाला गेलेलं. आज गळ्यापर्यंत भरलेलं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं. म्हणाले, "तुझ्या बियाला गिऱ्हाईक फार. भर घातली." कशाची, ते सांगेनात. त्यांच्या दुकानात बसून चार वर्षं झाली. मिरचीचा धंदा त्यांचा, कोपऱ्यातली बियाची मडकी तेवढी माझी, असं समजत होतो.

४ मे
त्या मडक्यातले वीस दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवले. आईची रीत. ती गावी, रनाळ्याला, असेच मोजून बघायची, मगच कुणाला बी द्यायची.

१४ मे
दहा दिवस वाट पाहिली. विसांत तीन उगवले. मामांनी वखारीतलं जुनं मेलेलं बी मिसळलंय. बोललो. शांतपणे म्हणाले, "घर माझं, दुकान माझं. बी तेवढं तुझं?" मी नव्हतो त्या दोन दिवसांत रनाळ्याचा हिरामण याच मडक्यातलं घेऊन गेला. त्याला निरोप धाडायला हवा.

२ जून
निरोप धाडला नाही. बायकोला, सिंधूला, सहावा महिना. मामांशी वाकडं घेऊन तिला कुठे नेऊ? रोज ठरवतो, रोज मिरची तोलत बसतो.

२९ जून
हिरामण आला. ओरडला नाही. पायरीवर बसून म्हणाला, "भाऊ, एक बी उगनं नही. तुन्ही मायनं बी कधीच वाया गयं नही." मामा गादीवरून बघत होते. मी म्हणालो, मुंग्यांनी नेलं असेल. त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला त्यानं.
जेवताना सिंधू म्हणाली, "तुम्ही हिरामणले खोटं सांगं. मी आयकं."

१ जुलै
आईच्या हातची बियाची शेवटची पुरचुंडी पेटीत होती. ती घेऊन रनाळ्याला गेलो, हिरामणला सगळं खरं सांगितलं. त्यानं कुदळ घेऊन वाफा भुसभुशीत केला, दोघांनी मिळून बी टाकलं. निघताना म्हणाला, "मन्हा मळामा ऱ्हाय. बी कर. झोपडी शे." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. सिंधूला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, विहीर किती लांब.

९ जुलै
सुरतेहून छापील पुड्या आल्या. वर वांग्याचं चित्र, खाली माझं नाव. मला न विचारता. मामा म्हणाले, त्याच मडक्यातलं बी भर. नाही म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा. रागावले नाहीत, म्हणाले, तर मग मिरचीवर बस. पुड्या त्यांनी स्वतः भरल्या.

११ जुलै
दिवसभर मिरचीची पोती शिवतो. डोळे चुरचुरतात. समोर माझ्या नावाच्या पुड्या जातात. मडक्यांना हात लावू देत नाहीत. सिंधूला म्हटलं, गिऱ्हाइकांना सांगून टाकू का? म्हणाली, "सांगा. मंग आठून निंघनं पडी." घर सोडायचं हे घाबरून म्हणाली की तयारीनं, कळलं नाही.

१२ जुलै
लोणखेड्याचा एक म्हातारा आला. उशीर झालाय, म्हणाला, एवढ्या बियाच्या रोपांवरच यंदाची वांगी. पुडीवरचं नाव वाचून घेतलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "हाई तुन्हंच बी ना?" मामा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हातात सुई तशीच. तोंड उघडायच्या आत मामांनी पुड्या त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधून दिल्या.
म्हातारा स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलाय. सकाळी बैलगाडीनं निघेल. धर्मशाळा इथून पाच मिनिटांवर. मामा वखारीत आहेत.
हे लिहीत असताना सिंधूनं माझी टोपी आणून पुढ्यात ठेवली. दारातच उभी आहे.